किक मारण्याआधी

उन्हाळा लागला की जुन्या येझदी मोटारसायकलवाल्यांची एक तक्रार आमच्याकडे हमखास ऐकू येते. गाडी सकाळी पहिल्या किकला चालू होते, जळगावहून नेरीपर्यंत व्यवस्थित येते आणि पहूरच्या अलीकडे आचके देऊन बंद पडते. लिंबाखाली अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू होते आणि पाच-सात किलोमीटर गेलं की पुन्हा बंद. मग प्लग बदलला जातो, कार्बोरेटर खोलला जातो, शेवटी कुणीतरी ‘पिस्टन गेला’ असं सांगून मोकळा होतो आणि इंजिन उतरवलं जातं. पुढच्या आठवड्यात गाडी त्याच जागी उभी असते.

या एका लक्षणामागे निदान तीन वेगवेगळे दोष असू शकतात. ते ओळखायला वर्कशॉप लागत नाही. गाडी बंद पडल्यानंतरची पहिली दोन मिनिटं मात्र हातची घालवायची नाहीत. इंजिन गार झालं की दोष लपतो.

सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडायचं. आत हवा ओढली गेल्याचा सूं असा आवाज आला, तर झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलेलं आहे. पेट्रोल खाली जाताना त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. ती आली नाही की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. आमच्या काळ्या मातीची धूळ पेट्रोलच्या ओलीवर बसून घट्ट होते आणि हे छिद्र सहज बंद करते. इलाज एका बारीक तारेचा.

आवाज आला नाही, तर झाकण घट्ट लावून ठिणगी बघायची. (उघड्या पेट्रोलजवळ हा प्रयोग कधीही करू नये.) प्लग काढून कॅपमध्ये बसवायचा, त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या पात्यांना टेकवायचा, प्लगच्या भोकापासून लांब ठेवायचा आणि किक मारायची. ठिणगी निळी, टचटचीत असेल तर पुन्हा पेट्रोलच्या वाटेकडे वळायचं. पिवळट, मरगळलेली असेल तर उजवीकडचं कव्हर काढून सावलीत पॉइंटकडे बघत किक मारायची. पॉइंटवरच मोठ्या निळ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. पॉइंट शांत आहेत, स्वच्छ आहेत आणि तरी प्लगची ठिणगी दुबळी, तर कॉइल.

कंडेन्सर ही करंगळीएवढी वस्तू. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटायला हवा, पण प्रवाह तसा तुटत नाही. फटीतून उडी मारायला बघतो. ती उडी कंडेन्सर पोटात घेतो. म्हणून कॉइलमधलं चुंबकत्व झटक्यात कोसळतं आणि प्लगवर हजारो व्होल्टची ठिणगी पडते. आतलं आवरण जुनं झालं की उन्हात, इंजिनाच्या धगीत कंडेन्सर गळायला लागतो आणि गार झाला की पुन्हा चांगला वागतो. जावा-येझदीत तो डायनॅमोपाशी, बंद कव्हरच्या आत, म्हणजे गाडीतल्या अतिशय तापणाऱ्या जागी बसवलेला. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा त्या कव्हरखाली काय होत असेल! नवा कंडेन्सर सुमारे 0.2 मायक्रोफॅरडचा घेऊन, लांब वायर काढून टाकीखाली कॉइलजवळ बसवला की हे दुखणं बहुधा संपतं. मूळपण जपणाऱ्यांना हा बदल रुचत नाही. माझं मत स्पष्ट आहे: रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत कंडेन्सर टाकीखालीच असावा.

जुन्या गाड्या आमच्या भागात इतक्या टिकल्या त्यालाही कारण आहे. पहूर पेठ आणि पहूर कसबे ही गावं वाघूर नदीच्या काठी वसलेली. एक रस्ता जळगावहून येऊन वाकोद, फर्दापूरवरून अजिंठ्याच्या घाटात चढतो, दुसरा शेंदुर्णी-पाचोऱ्याकडून येऊन जामनेरला जातो. पाचोरा-जामनेर ही 56 किलोमीटरची छोटी रेल्वे इथूनच धावायची. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली. रेल्वे, बैलगाडी, एसटी आणि मोटारसायकल यांच्या या चौफुलीवर कंपनीचा शोरूम कायमच लांब होता. जे काही मोडलं ते इथंच उघडावं लागे.

आणि त्या गाड्या उघडण्यासाठीच बनलेल्या होत्या. फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने 1961 मध्ये म्हैसूरला चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या बनवायला सुरुवात केली. 1970 च्या दशकात त्यांवर येझदी हे नाव आलं, 1996 मध्ये कारखाना बंद पडला. पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली एस्कॉर्ट्सची राजदूत 1960 च्या दशकात आली आणि दुधाच्या कॅन, खताची पोती, शेतातला चारा असं काहीही घेऊन पिढीभर धावली. मद्रासची एनफिल्ड बुलेट 1955 पासूनची. कारखाने बंद पडले, मॉडेलं गेली. तरी मोजके पाने, एक पुलर आणि फीलर गेज यांवर अंगणात ही इंजिनं आजही उतरतात.

घरच्या घरी टायमिंग लावता येतं, हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही. पॉइंटची फट सर्वात जास्त उघडलेली असताना 0.4 मिलिमीटर ठेवायची. मग पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा आणि इंजिन हाताने हळू फिरवायचं. कागद ज्या क्षणी सैल होऊन सरकतो, तो ठिणगीचा क्षण. त्या वेळी पिस्टन सर्वात वरच्या जागेपासून किती खाली आहे ते प्लगच्या भोकातून खोली मोजणाऱ्या व्हर्नियरने मोजायचं. जावाच्या अडीचशे सीसी इंजिनात हे अंतर सुमारे 3 मिलिमीटर असतं. बुलेटमध्ये कागदाचंही काम नाही, अँपमीटरचा काटाच सांगतो. चावी लावून किक हळूहळू दाबली की पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. गाडी सुरू करतानाही इथंच डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा आणि मग पूर्ण किक मारायची. ज्यांना हे शिकवलं गेलं नाही, त्यांनी बुलेटच्या उलट्या किकने घोटे सुजवून घेतले आहेत.

टू-स्ट्रोक इंजिनात आणखी एक फसवा दोष असतो, तो क्रँकच्या ऑईल सीलचा. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन प्रायमरी केसमधलं तेल ओढतं. सायलेन्सरमधून दाट पांढरट धूर निघतो आणि तेलाची पातळी आपोआप कमी होत जाते. डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर हवा ओढली जाते. आयडलिंग उगाच चढतं, मिश्रण पातळ होतं, आणि अशा गाडीवर दोघं बसून, भरल्या पिशव्या घेऊन अजिंठ्याचा घाट चढायला गेलं की पिस्टन जाम होतो. मग दोष ऑईलला दिला जातो. खरं तर ऑईल बहुतेकांनी हिशेबाने घातलेलं असतं, लिटरला 40 ते 50 मिलिलिटर. दहा वर्षं चाललेल्या कोणत्याही टू-स्ट्रोकची दोन्ही सीलं, इंजिन उघडलं आहे तर, न विचारता बदलावीत.

आता नवा प्रश्न पंपावरच उभा आहे. 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. ऊस, धान्य, आमच्या शेतातला मकासुद्धा इथेनॉलला जातो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे आणि तिला नाकं मुरडायचं मला कारण दिसत नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी राहिली की हे पाणी टाकीच्या तळाशी बसतं, पत्रा गंजतो, जुन्या रबराच्या नळ्या फुगतात, जेटमध्ये पांढरी-हिरवी पूड साचते. म्हणून वापर नसेल तेव्हा कार्बोरेटरचा वाडगा रिकामा करावा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं, तेव्हा मुख्य जेट एक नंबर मोठा घालून प्लगचा रंग बघत राहावं: तपकिरी असेल तर ठीक, पांढरा पडला तर घाटात जाऊ नये.

गंजलेली टाकी घरी साफ होते. टाकी गाडीवरून उतरवायची, पेट्रोल पूर्ण काढून साबणाच्या पाण्याने धुवायची, मग सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातलं लिंबूफूल) गरम पाण्यात विरघळवून रात्रभर भरून ठेवायची. सकाळी काळं पाणी ओतून, खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्लता मारून, लगेच वाळवायची आणि आत ऑईल फिरवायचं. वाळवायला दोन तास उशीर झाला तरी आत तांबूस थर पुन्हा धरतो. काहीजण धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर लावून विजेने गंज काढतात. तेही चालतं, पण स्टेनलेस स्टीलची सळई वापरू नये, तिच्यातून विषारी क्रोमियम उतरतं. खोलीत तर हे करूच नये, कारण हायड्रोजन निघतो.

कागदांचंही बघावं लागतं. 2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, पहिल्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत. पण अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही आणि तिचं मूळ रूप बदललेलं चालत नाही. प्रदर्शनात, रॅलीत जाणाऱ्या जावाला हे ठीक. ज्या राजदूतवर आजही शेतात डबा जातो, तिच्या मालकाने पंधरा वर्षांनंतरची, दर पाच वर्षांनी होणारी साधी फेरनोंदणीच करत राहावी.

सगळ्यात मोठी अडचण मला सुट्या भागांची वाटत नाही. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी ही नावं परत आली. त्या गाड्या पूर्ण नव्या, जुनीला त्यांचा एकही भाग लागत नाही, पण जुन्या गाड्यांकडे लोकांचं लक्ष वळलं आणि बाजारात पिस्टन, सील, केबल पुन्हा दिसू लागली. अडचण आहे ती कान आणि डोळे असलेल्या मिस्तरींची. आवाजावरून कनेक्टिंग रॉडच्या छोट्या टोकाचं बुश आणि मोठ्या टोकाचं बेअरिंग वेगळं ओळखणारी माणसं आता सत्तरीत आहेत, आणि त्यांचं काहीच लिहून ठेवलेलं नाही. निदान प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने एक वही करावी: सिलिंडर कितव्या ओव्हरसाइजवर आहे, पॉइंट कधी बसवले, टायमिंग किती मिलिमीटरवर लावलं, सील कधी बदललं. आणि टू-व्हीलर मेकॅनिकच्या आयटीआय वर्गात एक राजदूतचं इंजिन टेबलावर हवं. ते पोरांनी स्वतः उघडावं, पॉइंटमध्ये कागद धरावा आणि तो कोणत्या क्षणी सुटतो ते स्वतःच्या बोटांना कळू द्यावं.