कडू प्यायलं की साखर उतरते?

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान असो की मुलुंड-घाटकोपरच्या बागा, सकाळी फिरून आलेली मंडळी रसवाल्यापाशी थांबतात. कारलं, दुधी, आवळा, जांभूळ. ‘कडू पोटात गेलं की साखर मरते,’ यावर तिथे दुमत नसतं.

चवीचा यात काही संबंध नाही. टाइप 2 मधुमेहात बहुतेकांच्या शरीरात इन्सुलिन असतं, पण स्नायू आणि यकृत त्याला दाद देत नाहीत. ती दाद वाढणं म्हणजे इन्सुलिन-संवेदनशीलता सुधारणं. कारल्यातल्या घटकांनी हे उंदरांत साधल्याच्या नोंदी आहेत. माणसांवरच्या चाचण्या मात्र छोट्या आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या. अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात कारल्याच्या बाजूने पुरेसा पुरावा निघाला नाही. दालचिनीचंही तेच.

मेथीचं प्रकरण वेगळं. भिजवलेल्या मेथीचा बुळबुळीतपणा तिच्यातल्या विरघळणाऱ्या तंतूंचा. त्यांच्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते आणि जेवणानंतरचा आकडा कमी येतो. फायदा खरा, पण तेवढ्यावरून पेशी इन्सुलिनला दाद देऊ लागल्या असं होत नाही. मेथी गाळून नुसतं पाणी पिणारे तर बरेचसे तंतू गाळणीतच ठेवतात!

उलट, झाडपाल्याला सरसकट हसणाऱ्यांनी मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीचं मूळ पाहावं. युरोपातल्या गॅलेगा या वनस्पतीतलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच्याच नात्यातलं सौम्य रसायन प्रयोगशाळेत बनलं आणि 1957 मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी त्याचा मधुमेहींवरचा गुण जाहीर केला. गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात. रसाच्या ग्लासात किती काय उतरलं, हे रसवालाही सांगू शकत नाही.

आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक? 2010 मध्ये दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. कडू निघालेल्या दुधीत कुकरबिटॅसिन नावाची विषारी द्रव्यं असतात, आणि कारल्यात मिसळल्यावर तो कडूपणा कळणार कसा? म्हणूनच दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका, कडू लागला तर टाकून द्या, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तज्ज्ञ समितीने सांगितलं.

खरं काम रसाआधीच्या फेरीने केलेलं असतं. चालणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर उचलतात, आणि त्यांची वाढलेली दाद पुढे दिवसभर टिकू शकते. कारलं भाजीत खुशाल खा. पण साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर रस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका.