सेमिस्टर तिकिटावरचे शनिवार-रविवार

जर्मनीत शिकणाऱ्या मुलाने डोंगरमाथ्यावरचा किंवा एखाद्या जुन्या पुलावरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला की कौतुकाच्या चार शब्दांपाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो : शिकायला गेलाय की फिरायला? प्रश्न काळजीपोटी असतो, म्हणून तो उडवून लावण्यासारखा नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सेमिस्टरमध्ये जर्मन विद्यापीठांत एकोणपन्नास हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून आता परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट आपला आहे, आणि त्यात मराठी घरांतली मुले-मुली कमी नाहीत. कर्ज काढून, पुण्या-मुंबईत जर्मनचे क्लास लावून, कागदपत्रांच्या फायली सांभाळत ती तिथे पोचतात. त्यांचे शनिवार-रविवार कुठे जातात, हे विचारण्याचा घरच्यांना हक्क आहे. पण उत्तर मात्र नीट ऐकून घ्यायला हवे. माझ्या मते जर्मनीतल्या विद्यार्थ्याची जवळपासची, स्वस्त, पायी भटकंती ही अभ्यासाला मारलेली दांडी नाही. विद्यापीठाच्या वर्गात जे शिकवले जात नाही आणि ज्यावाचून तिथे नोकरी करणे आणि टिकणे अवघड जाते, त्याचे शिक्षण बरेचसे या दोन दिवसांत होते.

आधी पैशांचे बघू, कारण पहिला आक्षेप तोच असतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. अपवाद आहेत : बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो घेते. मात्र शुल्क असो वा नसो, दर सहा महिन्यांनी सेमिस्टरची वर्गणी सर्वांनाच भरावी लागते, आणि तिच्यात बहुतेक ठिकाणी प्रवासाच्या पासाचे पैसे धरलेले असतात. मे २०२३ मध्ये जर्मनीने देशभर चालणारा मासिक पास ४९ युरोंना सुरू केला; २०२५ मध्ये तो ५८ युरो झाला. २०२४ च्या उन्हाळी सेमिस्टरपासून विद्यार्थ्यांना तोच पास साठ टक्के किमतीत मिळू लागला, सुरुवातीला महिना २९.४० युरो आणि २०२५ मध्ये ३४.८० युरो. अट अशी की ज्या विद्यापीठाने ही योजना घेतली तिथल्या जवळजवळ प्रत्येकाला पास घ्यावाच लागतो, वर्गात चालत जाणाऱ्यालासुद्धा. आयसीईसारख्या वेगवान गाड्यांना हा पास चालत नाही. रिजनल गाड्या, एस-बान या उपनगरी गाड्या, मेट्रो, ट्राम आणि बस यांना देशभर चालतो. म्हणजे शनिवारी ड्रेसडेनहून डोंगरात गेलेल्या मुलीने गाडीभाड्यावर वेगळा एक सेंटही घातलेला नसतो. ती खोलीत बसून राहिली असती तरी ते पैसे गेलेच होते. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास ज्यांनी काढला आहे त्यांना हे चटकन पटेल. पास खिशात असला की माणूस वाटेतल्या गावीही उतरून बघतो.

पास हा या व्यवस्थेचा एक भाग झाला. बाकीचे भाग त्याहून जुने आहेत. रविवारची विश्रांती तिथे घटनेने राखलेली आहे. १९१९ च्या वायमार घटनेतले ते कलम आजच्या घटनेने जसेच्या तसे उचलले. त्यामुळे रविवारी स्थानकावरची दुकाने आणि बेकऱ्या यांसारखे अपवाद सोडले तर बाजार बंद असतो. वाणसामान शनिवारीच भरायचे आणि रविवारी बाहेर पडायचे, अशी तिथल्या घरांची रीत आहे. १९०९ मध्ये रिखर्ड शिरमान हा शाळामास्तर मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला असताना वादळात सापडला. एका रिकाम्या शाळेत आसरा घेतलेल्या त्या रात्री त्याला युथ हॉस्टेलची कल्पना सुचली, आणि १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात जगातले पहिले कायमस्वरूपी युथ हॉस्टेल उभे राहिले. काळ्या जंगलातली, १८६४ मध्ये स्थापन झालेली श्वार्त्सवाल्ड संघटना पायवाटा राखते. फोर्त्सहाइमपासून बाझेलपर्यंत जाणारी तिची वेस्टवेग ही वाट १९०० ची आहे, आणि झाडांवरच्या लाल चौकोनी खुणा बघत नवख्यालाही तिच्यावरून जाता येते. सुतारकाम शिकून बाहेर पडलेल्या कारागिरांतले काही जण आजही तीन वर्षे आणि एक दिवस गावोगाव काम करत हिंडतात, आणि त्या काळात घराच्या पन्नास किलोमीटरच्या आत फिरकत नाहीत. हिंडणे हा शिकण्याचाच भाग आहे, असे जो समाज इतकी वर्षे मानत आला, त्याच्या विद्यापीठात जाऊन केवळ खोली ते प्रयोगशाळा एवढीच फेरी मारणे हे मला अर्धेच शिक्षण वाटते.

या भटकंतीतून नेमके काय पदरात पडते? आपली बहुतेक मुले इंग्रजीतून एमएस करतात. वर्ग इंग्रजीत, स्वयंपाकघरात हिंदी नाहीतर मराठी, कामाच्या ठिकाणीही इंग्रजीवर भागते. अशाने दोन वर्षांत जर्मन ‘ए-वन’ या पहिल्या पातळीच्या पुढे सरकत नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो, आणि मुलाखतींत भाषा आडवी येते ती तेव्हा. रिजनल गाडीचा प्रवास मात्र भाषा वापरायला लावतो. म्युनिकहून टेगर्नझे तळ्याकडे जाणारी गाडीच घ्या. निघताना ती एकच गाडी असते. होल्ट्सकिर्शेनला तिचा एक भाग सुटून बायरिशत्सेलकडे जातो आणि पुढे शाफ्टलाखला उरलेल्या गाडीचेही दोन तुकडे होतात, एक टेगर्नझेला, दुसरा लेंगग्रीसला. कोणत्या डब्यात बसायचे हे फलकावर लिहिलेले असते आणि गाडीत सांगितलेही जाते, पण जो ऐकत नाही तो भलत्याच दरीत उतरतो. जर्मन रेल्वे घड्याळावर चालते हा आपल्याकडचा समजही आता जुना झाला. रुळांचे काम निघते, गाडी मध्येच थांबते, पुढे बदली बस असते आणि ती कुठून सुटणार याची घोषणा लहान स्थानकावर बहुधा जर्मनमध्येच होते. मग शेजारच्या आजीबाईंना विचारावे लागते, त्या बोलीभाषेत उत्तर देतात, आणि ते समजून घ्यावे लागते. क्लासमधल्या संवादात ही घाई नसते, चूक झाली तर काही बिघडतही नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जर्मन विद्यापीठांतली परीक्षापद्धत कडक असते. बऱ्याच ठिकाणी एका विषयाला तीनच संधी मिळतात. तिसऱ्यांदा नापास झाल्यास नाव कमी होते आणि तोच अभ्यासक्रम देशात दुसरीकडेही सहसा करता येत नाही. वर्गात हजेरीची सक्ती नसते, चाचण्या जवळपास नसतात आणि सगळा भार शेवटच्या एका पेपरावर असतो. अशा ठिकाणी दर आठवड्याला फिरणे परवडेल का? परीक्षेच्या महिन्यांत नाहीच परवडणार, आणि फेब्रुवारीत किंवा जुलैत पेपर समोर असताना जो डोंगरात जातो त्याची बाजू मी घेणार नाही. पण सेमिस्टर लांब असते. हजेरी घेणारे कोणी नसल्यामुळे आठवड्याला आकार देण्याचे काम विद्यार्थ्यालाच करावे लागते, आणि शनिवारची सातची गाडी पकडायची असेल तर शुक्रवारची असाइनमेंट शुक्रवारीच संपवावी लागते. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. वसतिगृहाच्या खोलीत पडदे ओढून मालिका पाहत काढलेले सलग रविवार अभ्यासाला हातभार लावत नाहीत, एकटेपणा मात्र वाढवतात. ज्या घरांना मुलाच्या निकालाची चिंता आहे त्यांनी या रविवारांचीही चिंता करावी.

ज्यांच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे ते शनिवारी फिरतील की कमावतील, हाही प्रश्न रास्त आहे. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आणि गोदामात किंवा रेस्टॉरंटात शनिवार हाच कामाचा दिवस असतो. व्हिसासाठी दाखवावी लागणारी ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम महिन्याला ९९२ युरो आहे, आणि म्युनिकसारख्या शहरात खोलीचे भाडेच तिचा मोठा घास घेते. या मुलांना ‘फिरा’ असा उपदेश करणे अन्यायाचे होईल. तरीही सर्वांना सारखा मिळणारा पास सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो त्यांनाच, कारण रविवारची अर्धी दुपार मोकळी सापडली तर तेवढ्यातही कुठेतरी जाऊन येता येते.

एक टीका मात्र मला पूर्ण मान्य आहे. शेंगेन क्षेत्रात १८० दिवसांत ९० दिवस फिरण्याची मुभा आहे, म्हणून स्वस्त विमानाने तीन दिवसांत चार राजधान्या उरकायच्या, प्रत्येक ठिकाणी तोच फोटो काढायचा आणि सोमवारी वर्गात पेंगायचे, या प्रकारात पैसा आणि झोप दोन्ही जातात. त्यापेक्षा ड्रेसडेनहून एल्बेच्या काठाने जाणाऱ्या एस-वन गाडीने राटेनला उतरावे. स्थानक एका तीरावर, गाव दुसऱ्या तीरावर. मध्ये जी नाव चालते तिला इंजिन नाही. वरच्या बाजूला नदीत रोवलेल्या लांब दोराला ती बांधलेली असते. नावाडी तिचा कोन बदलतो आणि वाहते पाणीच तिला तिरके ढकलत पलीकडे नेते. नावेचे भाडे वेगळे द्यावे लागते, पण मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या मुलाने ती पाच मिनिटे उभे राहून पाहावी अशी आहे. पलीकडे पायऱ्या चढून गेले की बास्टाइचे वालुकाश्माचे सुळके आणि १८५१ चा दगडी पूल. आखेनच्या विद्यार्थ्यांना तर शहराबाहेर टेकडीवर चालत जाऊन जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम या तिन्ही देशांच्या सीमा मिळतात तिथे उभे राहता येते. चौकी नाही, शिक्का नाही. युरोप म्हणजे काय, हे त्या टेकडीवर लवकर समजते.

मुलांना एवढेच सांगेन की सह्याद्रीत ट्रेक केले म्हणून आल्प्स सोपे मानू नका. ऑक्टोबरनंतर तिथे वर बर्फ असते, स्पोर्ट्स शूज घालून जाऊ नका, परतीची शेवटची बस आधी बघून ठेवा, आणि आपत्कालीन क्रमांक ११२ युरोपभर चालतो हे लक्षात असू द्या. आणि पालकांनो, एखाद्या शनिवारी मुलीने कुठे निघाल्याचे कळवले, तर खर्चाची चौकशी बाजूला ठेवा आणि कोणती गाडी, कुठे उतरणार, बरोबर कोण आहे, एवढे विचारा. तिकिटाचे पैसे तिने सेमिस्टरच्या वर्गणीतच भरलेले आहेत.