चुंबक तेच, बाकी सगळं नवं

एमआरआय अपग्रेड होणार म्हटलं की लोकांना वाटतं, आता क्रेन येणार, भिंत फोडणार, नवं चुंबक उतरणार. जर्मनीतल्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करत होतो, तिथलं 9.4 टेस्लाचं चुंबक मात्र जागचं हललंसुद्धा नाही. आत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी, भोवती उणे 269 अंशांचं द्रवरूप हेलियम. रोधच नाही, त्यामुळे एकदा भरलेला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. थकतात ती भोवतालची इलेक्ट्रॉनिक्स. सुटे भाग मिळेनासे होतात, कन्सोलचा संगणक कुठल्यातरी जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर अडकून पडतो आणि आयटीवाले तो नेटवर्कला जोडू देत नाहीत.

एवढं जबर चुंबक लागतं ते उंदरासाठी. माणसाचा मेंदू तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, उंदराचा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. रुग्णालयातल्या यंत्राला एक मिलिमीटरचा ठिपका चालून जातो. उंदरात तेवढ्यात मेंदूच्या सालीची अख्खी जाडी संपते. इथे ठिपका शंभर मायक्रॉनच्या आसपास आणावा लागतो. आणि हे काम दुय्यम समजू नये. काम करणारा मेंदू टिपणारी ‘बोल्ड’ पद्धत सेइजी ओगावा यांनी 1990 साली बेल लॅब्जमध्ये उंदरांच्याच मेंदूवर दाखवली, माणसाची पाळी नंतर आली.

सगळ्यात अंगमेहनतीचा भाग म्हणजे ग्रेडियंट कॉइल बदलणं. चित्रातला कुठला ठिपका कुठे, हे ठरवणारं चुंबकीय क्षेत्र ही कॉइल तयार करते. चुंबकाचं क्षेत्र उतरवून पुन्हा चढवणं म्हणजे हेलियमचा खर्च आणि क्वेंचची, म्हणजे हेलियम एकदम उकळून जाण्याची भीती. एक लिटर द्रव हेलियमचा वायू झाला तर सातशे लिटरच्या वर जागा व्यापतो आणि खोलीतला प्राणवायू ढकलून देतो. म्हणून भिंतीवर ऑक्सिजनचा अलार्म असतो. तेव्हा चुंबक चालूच. घड्याळं, किल्ल्या, फोन बाहेर. पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर पितळेचे किंवा टायटॅनियमचे. तांब्याच्या गुंडाळ्यांनी भरलेला ते जड नळकांडं रुळावरून आत सरकवताना मला पहिल्यांदाच लेन्झचा नियम हाताला जाणवला. क्षेत्राच्या तोंडाशी तांब्यात प्रवाह उठतात आणि ढकलण्याला विरोध करतात. गुळाच्या पाकात हात घातल्यासारखं वाटतं. घाई करून उपयोग नसतो. जेवढा जोर लावाल तेवढाच ते उलट लावतं.

संकेत टिपणाऱ्या शीत कॉइलचं कौतुक मात्र मला थोडं जास्तच वाटतं. तिचा धातू तीसेक केल्विनपर्यंत थंड ठेवतात, त्यामुळे तिची स्वतःची खरखर घटते आणि नेहमीच्या कॉइलच्या अडीच पट किंवा त्याहून जास्त स्वच्छ संकेत मिळतो. वेळेची बचत त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे तासाभराचं काम दहा मिनिटांत. हे खरंच आहे. पण ती डोक्यावर टेकणारी पृष्ठभागाची कॉइल. वरच्या सालीचं चित्र बघून पाहुणे खूश होतात. मेंदूच्या तळाशी गेलात की तोच फायदा झपाट्याने ओसरतो.

खरं काम सुरू होतं ते कंपनीचे अभियंते सामान आवरून गेल्यावर. फँटम म्हणजे माहीत असलेल्या मापाचं, पाण्याने किंवा अगारने भरलेलं भांडं. ते आत ठेवून लांबी, रुंदी, उंची मोजायची. समजा ग्रेडियंटचं माप तिन्ही दिशांना दोन टक्क्यांनी चुकलं. लांबीत दोन टक्के, आकारमानात मात्र सहा. अल्झायमरच्या उंदरात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग महिन्यागणिक किती आकसला हे शोधणाऱ्याला एवढी चूक म्हणजे अख्खा निष्कर्षच चुकीचा. डिफ्यूजनच्या, म्हणजे ऊतीतलं पाणी कसं पसरतं त्याच्या मोजणीत तर ग्रेडियंटचा वर्ग येतो, तिथे चार टक्के. जुन्या कन्सोलवर सुरू झालेला आणि नव्यावर संपणारा अभ्यास असेल, तर दिसणारा फरक आजाराचा की अपग्रेडचा, हे चित्राकडे बघून कळत नाही.

जिवंत प्राणी ही त्यावरची पायरी. आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाचा टक्का किंचित वाढला की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बोल्डचा संकेत मलूल होतो. अंगाचं तापमान घसरलं तरी संकेत बदलतो. म्हणून तोंडाशी भुलीची नळी, पोटाखाली श्वास मोजणारी उशी, अंगावरून कोमट पाण्याच्या नळ्या. यातलं काही अपग्रेडच्या कोटेशनमध्ये नसतं.

अशा अपग्रेडसाठी निधी मागणाऱ्यांना एकच विनंती. जुनं यंत्र बंद व्हायच्या आधी त्याच फँटमची आणि त्याच जातीच्या, त्याच वयाच्या उंदरांची मोजणी करून ठेवा, नंतर नव्यावर तीच पुन्हा करा, आणि या कामाचे आठवडे वेळापत्रकात आधीच मागून घ्या. जुना कन्सोल एकदा उचलून नेला की ती मोजणी परत करता येत नाही.