मैदानावांचून क्रिकेट

क्रिकेटच्या नियमांत खेळपट्टीची लांबी बावीस यार्ड, म्हणजे सुमारें २०.१२ मीटर, ठरवून दिली आहे. चेंडूचें वजन १५६ ते १६३ ग्रॅमच्या दरम्यान असावें, प्रत्येक बाजूस तीन यष्ट्या असाव्यात, पंच दोन असावेत आणि गडी अकरा अकरा असावेत, असेंहि तेथें सांगितलें आहे. परंतु आपल्या देशांत रोज संध्याकाळीं जें क्रिकेट खेळलें जातें, त्याचा फार मोठा भाग यांपैकीं एकहि अट पाळीत नाहीं. चाळीच्या चौकांत, दोन इमारतींमधल्या बोळांत, देवळामागच्या फरशीवर, नदीच्या कोरड्या पात्रांत तो चाललेला असतो. ज्यांच्या खिडकीच्या कांचा फुटतात त्यांस तो उपद्रव वाटतो. खेळणारांस मात्र त्याहून गंभीर असें दुसरें कांहींच नसतें. या खेळाकडे थोडें बारकाईनें पाहिलें, तर त्यामागें एक शास्त्र आणि एक इतिहासहि असल्याचें दिसून येतें.

बीड जिल्ह्यांतील वडवणी हें बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचें गांव. भोंवतालचा मुलूख कापसाचा, उसाचा आणि कोरडवाहू पिकांचा. येथील काळी जमीन पावसाळ्यांत पायाला चिकटते, आणि उन्हाळ्यांत तिला अशा रुंद भेगा पडतात कीं, चेंडू एखादे वेळीं भेगेंतच नाहींसा व्हावा. अशा प्रदेशांत मुलांना खेळण्याची जागा हिशेबानें शोधावी लागते. मळणीसाठीं चोपून, सारवून कठीण केलेलें खळें सुगी संपल्यावर रिकामें पडलें कीं, त्यासारखी खेळपट्टी दुसरी नाहीं. मळणीयंत्रें आल्यापासून खळीं कमी झालीं. मग बाजाराचा एक दिवस सोडून बाकीचे दिवस मोकळी राहणारी आठवडी बाजाराची जागा कामास येते. यष्ट्यांच्या ठिकाणीं पऱ्हाटीच्या किंवा तुराटीच्या काटक्या रोवतां येतात. जमीन फारच कठीण असली, तर विटांचा ढीग पुरतो. बॅट म्हणजे एखादी फळी, आणि चेंडू नसला तर चिंध्यांच्या गोळ्यावर सायकलच्या ट्यूबचीं कडीं चढविलीं कीं झालें.

या तालुक्यांतून व एकंदर बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. पुष्कळदां मुलेंहि आईबापांबरोबर निघतात. त्यांची शाळा मागें राहते. पण खेळ मागें राहत नाहीं. कोप्यांच्या तळावर, उभ्या केलेल्या गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेंत त्यांचा डाव मांडतां येतो. कारण या खेळाला जें सामान लागतें तें कोठेंहि सांपडतें, आणि जें सांपडत नाहीं त्यावांचून चालवून घेण्याची रीत मुलांना ठाऊक असते.

ही रीत क्रिकेटनें शिकविलेली नाहीं. विटीदांडू हा खेळ महाराष्ट्रांत क्रिकेटच्या कितीतरी आधींपासून आहे. त्यांतहि लांकडी दांडू, उडविलेली विटी, झेल आणि अंतरावरून मोजलेला गुण हीं सारीं अंगें आहेत. या खेळांतील ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ ही मोजणी तेलुगूंतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या संख्यांशीं मिळती आहे. खेळ भाषांच्या सीमा ओलांडतात, आणि जातां जातां थोडे वेष बदलतात. क्रिकेटहि या भूमींत आलें तेव्हां त्यास विटीदांडूवर तयार झालेले हात आणि डोळे आयते मिळाले.

आतां चेंडूचा विचार करावा. अडचणीच्या जागीं जो चेंडू सर्वांत अधिक वापरला जातो तो टेनिसचा. त्याचें वजन ५६ ते ५९ ग्रॅम, म्हणजे कातडी चेंडूच्या सुमारें एक तृतीयांश. त्यानें डोकें फुटत नाहीं आणि कांचहि क्वचितच फुटते. परंतु तो आंतून पोकळ असल्यामुळें उसळतो फार. नियमाप्रमाणें टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण भूमीवर सोडला, तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर, म्हणजे निम्म्याहून अधिक, वर आला पाहिजे. शिवाय त्याच्या अंगावरील लव हवेला अडविते, म्हणून तो हातांतून सुटल्यावर वेग लवकर गमावतो. यावर मुलांनीं दोन उपाय काढले. एक म्हणजे चेंडू पाण्यांत भिजविणें. त्यानें तो जड होतो आणि गुळगुळीत फरशीवरून सरपटत येतो. दुसरा म्हणजे त्यावर विजेच्या तारांना लावतात ती चिकटपट्टी गुंडाळणें. ही युक्ति कराचीच्या रस्त्यांवर विशेष रूढ झाली. अर्ध्याच भागावर पट्टी लावली, तर एक बाजू गुळगुळीत व दुसरी लवेची राहते. दोन्ही बाजूंनीं वाहणारी हवा सारखी राहत नाहीं, आणि चेंडू हवेंत वळतो. मोठ्या खेळाडूंस चेंडूची एक बाजू घासून घासून जें साधावें लागतें, तें मुलें एका पट्टीनें साधतात.

चेंडूहूनहि अधिक मनोरंजक गोष्ट नियमांची आहे. गल्लींतले नियम लहरीनें केलेले दिसतात. पण प्रत्येक नियम कोणत्या ना कोणत्या उणिवेवरचा उतारा असतो. क्षेत्ररक्षणाला माणसें कमी पडतात, म्हणून ‘एक टप्पा बाद’: एकदां जमिनीवर आपटलेला चेंडू एका हातानें झेलला तरी गडी बाद. खेळणारांची संख्या विषम असली, तर उरलेला एक गडी दोन्हीकडून खेळतो. पायचीत हा प्रकार तर सहसा रद्दच केलेला असतो. कारण त्याचा निवाडा तटस्थ पंचावांचून होऊं शकत नाहीं, आणि गल्लींत तटस्थ कोणीच नसतो. भिंतीवर कोळशानें ओढलेल्या यष्ट्यांना चेंडू लागला कीं नाहीं हा वाद ओल्या चेंडूचा डाग पाहून मिटतो. डाग दोघांनाहि मान्य नसेल, तर तो चेंडू पुन्हां टाकावयाचा.

मोठ्या मैदानाचा आणि गल्लीचा सर्वांत मोठा फरक षटकाराच्या बाबतींत दिसतो. मैदानांत चेंडू जमिनीला न लागतां सीमेपार गेला तर सहा धावा मिळतात. गल्लींत तो कोणाच्या गच्चींत, घरांत किंवा विहिरींत गेला तर फलंदाज बाद होतो. चेंडू एकच आहे, शेजारी रागीट आहेत, आणि चेंडू मागून आणण्याची पाळी मारणाऱ्यावरच येते. साहजिकच फलंदाज चेंडू खालून, सरळ आणि फटीफटींतून मारावयास शिकतो.

या नियमांमध्यें ‘कच्चा लिंबू’ या पदाचा उल्लेख मुद्दाम केला पाहिजे. धाकटा भाऊ किंवा शेजारचें लहान मूल खेळांत घ्यावें तर लागतें, पण त्याच्या बाद होण्यानें डाव बिघडूं नये असेंहि वाटतें. म्हणून त्याला बॅट मिळते, धांवण्यास मिळतें, मात्र त्याचें बाद होणें धरलें जात नाहीं. उलट ज्याची बॅट त्याची पहिली पाळी, हाहि नियम तितकाच प्रसिद्ध आहे. एकांत दुर्बळाला सवलत आहे, दुसऱ्यांत मालकाला मान आहे. दहा वर्षांचीं मुलें कोणाहि वडीलधाऱ्याच्या मध्यस्थीवांचून असे कायदे करतात, ते बहुतेक पाळतात, आणि मोडले तर भांडून पुन्हां जुळवितात. जो नेहमीं चिडीचा डाव खेळतो त्याला दुसऱ्या दिवशीं कोणी हांक मारीत नाहीं; एवढीच तेथली शिक्षा.

ज्या खेळाला पुढें एवढें वैभव आलें, त्याची या देशांतील सुरुवातहि अशीच अस्थायी जागीं झाली. १७२१ सालीं खंबायतच्या आखाताच्या किनाऱ्यावर इंग्रज खलाशांनीं वेळ घालविण्यासाठीं क्रिकेट खेळल्याची नोंद क्लेमंट डाउनिंग यानें केली आहे. त्याच्या १७३७ सालच्या त्याच पुस्तकांत आंग्र्यांचीहि हकीकत आहे. मुंबईंत पारशी मुलांनीं गोऱ्या शिपायांचा खेळ पाहून त्याचें अनुकरण सुरू केलें, तेव्हां टोप्यांच्या यष्ट्या आणि छत्र्यांच्या बॅटी होत्या, व चेंडू चिंध्या भरून शिवलेला वेडावांकडा असे, असें शापूरजी सोराबजी यांनीं १८९७ सालच्या आपल्या इतिवृत्तांत वर्णन केलें आहे. यांतूनच १८४८ सालीं पारशांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब निघाला.

त्याच इतिवृत्ताचा दुसरा विषय जागेच्या तंट्याचा आहे. एस्प्लनेडच्या मैदानावर एतद्देशीय मुलें क्रिकेट खेळत, आणि तेथेंच युरोपियन मंडळी पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडली जाई आणि क्रिकेटचा चेंडू धड उसळत नसे. युरोपियन जिमखान्यापाशीं स्वतःचें राखीव मैदान होतें. त्यावर घोडे नेले जात नसत. १८८१ सालीं शेंकडों खेळाडूंनीं सह्या करून सरकारकडे अर्ज केला. निकाल एकदां त्यांच्या बाजूनें लागला, आणि पुढें तो फिरविला गेला. तरी १८९० सालीं पारशी संघानें व्हर्नन यांच्या इंग्लिश संघास मुंबईंत हरविलें. उखडलेल्या जमिनीवर शिकलेल्या हातांचा तो विजय होता.

अडचणीनें कसब वाढतें, याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. डॉन ब्रॅडमन यांनीं लहानपणीं बौरल येथें पाण्याच्या टाकीखालच्या विटांच्या भिंतीवर गोल्फचा चेंडू मारून तो एका यष्टीनें परतविण्याचा सराव केला होता. सुनील गावसकर यांनीं ‘सनी डेज’ या आत्मचरित्रांत, घरांत आई टेनिसचा चेंडू टाकीत असतां आपण मारलेला फटका तिच्या नाकावर बसल्याची आठवण सांगितली आहे. भारताच्या कप्तान झालेल्या डायना एदलजी मुंबईच्या रेल्वे वसाहतींत मुलांबरोबर टेनिसच्या चेंडूनें खेळत वाढल्या. गल्लीनें त्यांना आंत घेतलें. बहुतेक मुलींच्या वांट्याला मात्र खिडकींतून पाहणेंच आलें, हेंहि विसरतां कामा नये.

परंतु एवढ्यावरून गल्ली आहे तर मैदान कशाला, असें कोणी म्हणूं लागेल तर तें चुकीचें होईल. १८७६ सालीं जन्मलेले पाळवणकर बाळू हे पुण्याच्या जिमखान्यांत महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखीत आणि साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकीत. चेंडू टाकण्याची मुभा होती. अस्पृश्य मानलेल्या जातींतला म्हणून चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. गुण होताच, त्याला मैदानावर समान वागणूक मिळण्यास मात्र फार वर्षें लागलीं. त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस हिंदु संघाचें कप्तानपद १९२३ सालीं मिळालें.

बीड जिल्ह्याचें ताजें उदाहरणहि हेंच सांगतें. कसोटीपटु संजय बांगर यांचा जन्म बीडचा. पुढें याच गांवच्या सचिन धस यानें ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं बेनोनी येथें, एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढल्या. भारताचे चार गडी ३२ धावांत बाद झाले होते आणि २४५ धावा हव्या होत्या. त्यानें व उदय सहारन यानें १७१ धावांची भागी केली आणि सामना दोन गडी राखून जिंकला गेला. त्याच्या सरावासाठीं बीडमध्यें खेळपट्टी तयार करावी लागली. जी काळी चिकण माती भेगाळून चेंडू गिळते, तीच पाणी घालून रोलरनें दाबली कीं उत्तम खेळपट्टी होते. पण पाणी हवें. अवर्षणाच्या या जिल्ह्यांत त्यासाठीं टँकर मागवावे लागत, असें त्याच्या वडिलांनीं सांगितलें आहे. गल्लींत खेळाची गोडी लागते. कातडी चेंडू खेळण्यासाठीं मात्र बावीस यार्ड नीट जमीन आणि कोणाचा तरी खर्च लागतोच.

शहरांत ही जमीन दिवसेंदिवस आटत आहे. मुंबईच्या आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत, व एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या गोलंदाजाजवळ उभा असतो. १९४८ सालीं सुरू झालेली कांगा लीग तर भर पावसाळ्यांत, चिखलांत आणि वाढलेल्या गवतांत खेळली जाण्याबद्दलच प्रसिद्ध आहे. गल्लींत पूर्वीं चेंडू जाई तेथें आतां मोटारी उभ्या असतात, आणि चौकांत खेळण्यास मनाई असल्याची पाटी लागलेली असते. जीं मुलें तेथून हुसकावलीं जातात तीं वाहत्या रस्त्यावर, रुळांच्या कडेला किंवा विजेच्या तारांखालीं खेळतात. म्हणजे मनाईनें खेळ थांबत नाहीं, धोका तेवढा वाढतो.

त्यावरचे उपाय फार खर्चाचे नाहींत. पुष्कळ शाळांचीं आवारें संध्याकाळीं कुलुपांत असतात. तीं दोन तास उघडीं ठेवतां येतील. नगरांच्या आराखड्यांत क्रीडांगणासाठीं राखलेले तुकडे त्याच कामीं लागतात कीं नाहीं, याची चौकशी नागरिकांना करतां येते. आणि घरमालकांना करण्यासारखी एक गोष्ट अगदींच सोपी आहे. चेंडू आवारांत आला असतां तो जप्त न करतां, कोणत्या भिंतीपलीकडे मारल्यास बाद धरावें हें मुलांशीं बोलून ठरवावें. अशा ठरावाला मुलें मान देतात, कारण त्यांचा सारा खेळच ठरावांवर चाललेला असतो.