काजूच्या नावातला बिब्बा

इटलीत काजूला ‘आनाकार्दिओ’ म्हणतात, स्पेनमध्ये ‘आनाकार्दो’. हे नाव मुळात काजूचे नव्हेच. ते आपल्या बिब्ब्याचे.

काजू मूळचा ब्राझीलचा. तिथल्या तुपी लोकांचा शब्द ‘आकाजू’. पोर्तुगिजांनी तो ‘काजू’ असा उचलला आणि सोळाव्या शतकात झाडासकट हिंदुस्थानात आणला. कोकणी-मराठीत तो तसाच रुळला. फ्रेंचांनीही ‘आकाजू’ घेतला, पण आज त्यांच्याकडे त्याचा अर्थ मॉहोगनीचे तांबूस लाकूड. काजूगर हवा असेल तर ‘न्वा द काजू’ मागावा लागतो. व्हेनेझुएलातले स्पॅनिश बोलणारे तर ‘मेरेय’ म्हणतात.

मग ‘आनाकार्दिओ’ आले कुठून? ग्रीकमध्ये ‘कार्दिया’ म्हणजे हृदय. बिब्ब्याची काळी, चपटी बी हृदयासारखी दिसते, म्हणून युरोपातले औषधविक्रेते तिला ‘आनाकार्दियम’ म्हणत, आणि तेही काजू त्यांच्या नजरेस पडण्याच्या कितीतरी आधीपासून. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याने १५६३ साली तिथेच छापलेल्या ग्रंथात ‘आनाकार्दो’वर स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि इथले लोक त्याला ‘बिबो’ म्हणतात हेही टिपून ठेवले. पुढे १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने काजूचे नाव कायम केले ते ‘अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटाले’, म्हणजे जणू पश्चिमेकडचा बिब्बा. खऱ्या बिब्ब्याला त्याच्या मुलाने ‘सेमेकार्पस’ म्हटले: खूण करणारे फळ. परीट कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करत, त्या या शास्त्रीय नावात उतरल्या आहेत.

ही नावाची उसनवारी मला चूक वाटत नाही. झाडावरचा पिकला बिब्बा निरखून पाहा. नारिंगी, गरदार बोंड आणि त्याच्या टोकाला टणक बी. थेट काजूचीच घडण, फक्त लहान. दोन्ही झाडे एकाच कुळातली, आंबाही त्यातलाच. काजूच्या टरफलातले तेल बिब्ब्यासारखेच अंगावर उतते, कारण दोन्हींत फिनॉलच्या कड्याला कार्बनची लांब शेपटी जोडलेली संयुगे असतात. ती त्वचेत मुरतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा खवळते आणि फोड येतात. म्हणूनच ओले काजू सोलताना हाताला राख किंवा तेल चोळतात.

आणि त्या जहाल कवचाच्या आत दोन्हीकडे गोड बी: काजूत काजूगर, बिब्ब्यात गोडंबी. थंडीतल्या डिंकाच्या लाडवात दोघी शेजारी-शेजारी सापडतात.