जुना रोलचा कॅमेरा भंगारात देताय? थांबा, आधी हे तपासा!

कुही : गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. पुढे धरणाचे पाणी चढले आणि कुही तालुक्यातील अनेक गावांना मूळ जागा सोडून पुनर्वसनात जावे लागले. त्या गावांमधली लग्ने, बारशी, शाळेचे कार्यक्रम टिपले गेले ते रोलच्या कॅमेऱ्यावर. त्यामुळे घरात किंवा स्टुडिओच्या कपाटात पडलेल्या सामानापैकी काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे समजून घ्यायला हवे.

रोल गेला कसा?
डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ मध्ये तयार केला तो रोल विकणाऱ्या कोडॅकच्याच अभियंत्याने, स्टीव्हन सॅसन यांनी. त्याची क्षमता होती अवघी ०.०१ मेगापिक्सेल. पुढे डिजिटल स्वस्त झाले, रोल धुणाऱ्या लॅब बंद पडत गेल्या आणि २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

सर्वांत आधी काय वाचवायचे?
निगेटिव्ह! कॅमेरा दुसरा मिळेल, निगेटिव्ह नाही. रंगीत निगेटिव्हचे रंग काळानुसार उडतात. नीट धुतलेली कृष्णधवल जास्त टिकते. ओल आणि उष्णता दोन्हींची शत्रू. निगेटिव्ह कडेने धरा, पाण्याने पुसू नका. स्कॅनर नसेल तर मागे पांढरा प्रकाश ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने जवळून फोटो काढा आणि मोबाइल ॲपमध्ये रंग उलटे करा.

जुनी लेन्स चालेल का?
बहुतेकदा चालते. लेन्स आणि फिल्म यांच्यात ठरावीक अंतर लागते. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी आहे, तर सोनीच्या मिररलेस ई माउंटमध्ये फक्त १८ मिमी. उरलेली जागा साधा ॲडॅप्टर भरून काढतो. मात्र फोकस हाताने करावा लागतो आणि मेन्यूमध्ये ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय सुरू करावा लागतो. छोट्या सेन्सरवर ५० मिमीची लेन्स सुमारे ७५ मिमीसारखी दिसते, म्हणजे पोर्ट्रेटला उत्तम.

कॅननची गोष्ट वेगळी. १९८७ मध्ये कंपनीने माउंटच बदलला. त्याआधीच्या एफडी लेन्स ईओएस डीएसएलआरवर थेट बसत नाहीत. मिररलेसवर ॲडॅप्टरने चालतात.

बुरशी कशी ओळखायची?
लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स इतर लेन्सपासून वेगळी ठेवा. चांगल्या लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा, विशेषतः पावसाळ्यात.

जुना फ्लॅश?
सावधान. काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कबिंदूंवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो. तो थेट लावला तर डिजिटल कॅमेऱ्याचे सर्किट जळू शकते. आधी मल्टिमीटरने तपासून घ्या.

थोडक्यात : निगेटिव्ह आधी स्कॅन करा, लेन्स तपासून ठेवा, फ्लॅश मोजल्याशिवाय लावू नका. आणि भंगारात काही देण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या आत न धुतलेला रोल राहिला आहे का, हे नक्की पाहा. मात्र मागचे झाकण उघडू नका. आधी रिवाइंडची दांडी अलगद फिरवा. ती ताणली गेली तर रोल आत आहे!