चोरून टिपलेले सूर

(द्वितीय वर्ष, कला)

चित्र भिंतीवर राहते, शिल्प दगडात राहते. गाणे मात्र गायल्याक्षणी हवेत विरून जाते. ही गोष्ट मनाला न पटणारे काही रसिक सर्वत्र असतात. अमेरिका व इंग्लंड येथे १९६० ते १९८० या काळात अशा काही रसिकांनी कोटाच्या आत ध्वनिमुद्रक दडवून मैफलींचे सूर साठवले. त्या 'बूटलेग' फितींची आणि त्या फिती दुरुस्त करून पुन्हा ऐकण्याजोग्या करणाऱ्या छंदिष्टांची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. उंच बुटाच्या नळीत दारूची बाटली लपवून चोरटी विक्री करणारा तो बूटलेगर. पुढे हाच शब्द संगीताला चिकटला. कंपनीने काढलेल्या तबकडीची नक्कल करून विकणे ही उघड लबाडी झाली. बूटलेगमध्ये असते ते कंपनीने कधी काढलेलेच नसते. १९६९ साली बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची 'ग्रेट व्हाइट वंडर' नावाची तबकडी साध्या पांढऱ्या वेष्टनात बाजारात आली. रॉक संगीतातील ही पहिली गाजलेली बूटलेग होय.

आता सायकेडेलिक रॉकविषयी. १९६५ नंतर सॅन फ्रान्सिस्को आणि लंडन या शहरांत ही शैली बहरली. लांबत जाणारे गिटारवादन, प्रतिध्वनींचे खेळ आणि पडद्यावर हलणारे रंगीत प्रकाश ही तिची लक्षणे. त्या वेळी तरुणांत पसरलेल्या एलएसडी या मादक द्रव्याशी तिचे नाते होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु संगीत म्हणून तिचा खरा विशेष उत्स्फूर्ततेत आहे. 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदाचे 'डार्क स्टार' हे गाणे १९६८ च्या तबकडीवर तीन मिनिटांच्या आत संपते. तेच गाणे १९६९ च्या प्रत्यक्ष मैफलीच्या मुद्रणात तेवीस मिनिटे चालते! आपल्याकडे एकच राग रोज नवा होऊन येतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला एकाच गाण्याच्या शंभर फिती कोणी का जमवाव्या, हे वेगळे सांगायला नको.

हे वादक स्वतःही उदार होते. फिती विकायच्या नाहीत, आपसांत वाटायच्या, एवढ्या अटीवर ग्रेटफुल डेडने श्रोत्यांना मुद्रणाची मोकळीक दिली. १९८४ च्या ऑक्टोबरपासून तर सभागृहात अशा श्रोत्यांसाठी जागाच राखून ठेवली जाऊ लागली.

सर्वत्र अशी मोकळीक नव्हती. लॉस एंजेलिसचा माइक मिलार्ड हा गृहस्थ नाकामिची कंपनीचा जड कॅसेट रेकॉर्डर आत नेण्यासाठी चाकांच्या खुर्चीत बसून जाई. वास्तविक त्याचे पाय ठणठणीत होते! २६ एप्रिल १९७५ रोजी त्याने 'पिंक फ्लॉइड'ची मैफल चोरून टिपली. त्या रात्री वाजलेले 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' तबकडीवर यायला अजून काही महिने होते. आणखी दोन गाणी तर १९७७ साली नावे बदलून आणि नवे रूप घेऊन प्रसिद्ध झाली. घडत असलेली कलाकृती अशी मधल्या अवस्थेत ऐकायला मिळणे, हे अभ्यासकाला केवढे धन! मिलार्ड १९९४ साली वारला. त्याच्या या फितीवर स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने संस्कार केले आणि २०२५ च्या डिसेंबरात ती पिंक फ्लॉइडच्या अधिकृत संचात समाविष्ट झाली. चोरून टिपलेले सूर असे पन्नास वर्षांनी राजमार्गाने घरी परतले.

दुसरे उदाहरण बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रक बाईंचे. ग्रेटफुल डेडच्या अनेक मैफली त्यांनी आतूनच, उत्तम दर्जाने मुद्रित केल्या होत्या. गोदामाचे भाडे थकल्यामुळे १९८६ साली त्या फितींचा लिलाव झाला. परक्यांच्या हाती गेलेल्या त्या फितींच्या नकला संग्राहकांत पसरल्या. त्यांतील ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातील मैफल अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून २०११ च्या यादीत घेतली. अधिकृत प्रकाशन मात्र २०१७ साली झाले. म्हणजे राष्ट्राने मान दिला, तेव्हा ती कोणत्याही दुकानात अधिकृतपणे मिळत नव्हती. मग चाळीस वर्षे ती जिवंत कोणी ठेवली? सामान्य श्रोत्यांनी!

आता दुरुस्तीचे शास्त्र. पहिले काम वंशावळ शोधण्याचे. मूळ फितीची नक्कल, नकलेची नक्कल अशा प्रत्येक पिढीत सरसर वाढते आणि बारीक सूर हरवतात. म्हणून मुळाच्या जवळची प्रत मिळवणे हे कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचे. काही जुन्या फितींचा थर दमट हवेने चिकट होतो. अशी फीत सुमारे ५४ अंश सेल्सिअस उष्णतेत काही तास शेकतात. त्यानंतर ती थोडे दिवस वाजू शकते. तेवढ्यात तिचे संगणकावर मुद्रण उरकावे लागते. वाजवण्यापूर्वी यंत्राच्या हेडचा कोनही त्या फितीशी जुळवावा लागतो, नाहीतर आवाज बोदा येतो.

मग वेगाची परीक्षा. अमेरिकेत विजेचा प्रवाह सेकंदाला ६० आवर्तनांचा असतो आणि त्याची बारीक गुणगुण पुष्कळदा फितीत उतरते. ती गुणगुण ६२ वर आढळली, तर फीत तीन टक्क्यांहून अधिक वेगाने धावते आहे, हे उघड झाले. नको असलेला दोषच असा मोजपट्टी बनतो! ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपते. ती उलटताना गाणे तुटलेले असेल, तर दुसऱ्या श्रोत्याच्या फितीतून तेवढा तुकडा जोडतात आणि तशी नोंद करतात.

सर्वांत अवघड असतो तो संयम. संगणक सरसर पुसू शकतो. पण हात जड झाला, की झांजांची चमकही पुसली जाते आणि गायक पाण्याखालून गातो आहे असे वाटते. म्हणून चांगला दुरुस्तकार टाळ्या, खोकला, शेजाऱ्याचे 'वाहवा' हे सारे राहू देतो आणि मूळ मुद्रण हात न लावता बाजूला जपून ठेवतो.

यात नीतीचा प्रश्न आहेच. कलावंताच्या संमतीवाचून त्याच्या श्रमांचा बाजार मांडणे अन्यायाचे होय. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातही १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. विकणारा बूटलेगर आणि जपणारा संग्राहक यांत म्हणूनच भेद केला पाहिजे. संग्राहकही नियमाबाहेर नाही. परंतु त्याने जपले नसते, तर आज हक्क सांगण्यासारखे काही उरलेच नसते, हेही तितकेच खरे.

वाचक विचारतील, दूरदेशीच्या या गोंगाटाशी आपला संबंध काय? आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आजीला लिहिता येत नाही. पण जात्यावरच्या कितीतरी ओव्या तिला मुखोद्गत आहेत. त्या टिपायला कोणतीही कंपनी येणार नाही. येथे तर चाकांच्या खुर्चीचे सोंगही नको. तिची संमती आणि खिशातला मोबाइल पुरे. दिवस, गाव आणि गाणारीचे नाव लिहून ठेवावे, मूळ मुद्रण दोन ठिकाणी जपावे आणि मागची जात्याची घरघर मुळीच पुसू नये. तीही गाण्याचाच भाग आहे.